स्टेपनीतली हवा

३ फेब्रुवारी, सोमवार

लेकीचा हुकूम झाला. "आई, दिवसातून पाच वेळा फोन करून बाबांच्या तक्रारी सांगू नकोस. वहीत लिही. मी बाळाला झोपवू की तुझं ऐकू?" म्हणून ही वही. हिशेबासाठी आणली होती, आता तक्रारींसाठी.

पहिली तक्रार ताजीच आहे. जुनी गाडी विकून आम्ही ही दुसरी घेतली. पडद्यांचे गठ्ठे आणि दांड्या आत मावतात, म्हणून मला आवडली. यांना मात्र घरी आणल्यावर पहिल्यांदा दिसली ती डिकीतली स्टेपनी. बाकीच्या चाकांपेक्षा निम्म्या रुंदीची, बारीक, काळीकुट्ट.

"ही काय स्टेपनी आहे? सायकलचं चाक बसवलंय," म्हणाले आणि अर्धा तास तिच्याभोवती घुटमळत राहिले. तिच्यावर एक पिवळं लेबल आहे. त्यावरून अंगठा फिरवला, हवा भरून आणली आणि मला जाहीर केलं, "तेहतीस भरली, बाकीच्या चाकांसारखी. लेबलवर तेच लिहिलंय." यांनी आयुष्यभर नकाशे काढले. माप यांनी सांगितलं की मी पुन्हा बघत नाही. आमचा धंदा त्यावरच चालतो: हे खिडकी मोजतात, मी कापड कापते.

मग जॅक कुठे, पाना कुठे, पायपंप कुठे, सगळं मला दाखवलं. मी म्हटलं, "मला कशाला? तुम्ही आहात ना."

"तुला चाक बदलता आलं पाहिजे," म्हणाले. जुन्या गाडीच्या काचेला हात लावला तरी यांच्या कपाळावर आठी यायची. आता मी चाक बदलायचं म्हणे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी "जुन्या ऑफिसातल्या मित्राकडे जाऊन येतो" म्हणून गेले. गाडी घरीच ठेवली. बसने गेले, बसने आले. बसला आयुष्यभर नाकं मुरडणारा माणूस! परत आले ते डोळ्यांवर काळा गॉगल. घरातसुद्धा काढेनात. मी म्हटलं, "हिरो, चहा घेणार का?" हसले नाहीत. गॉगलच्या कडेतून दिसलं, उजवा डोळा लालभडक.

"डोळे आलेत का?"

"धूळ गेली."

मागच्या महिन्यातही असंच मंगळवारी गेले होते, आणि तेव्हाही धूळच गेली होती. या मित्राच्या घरी कुणी झाडत नाही का?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज इतकी चिडले आहे की शिलाई सरळ येईना, म्हणून मशीन बंद करून लिहायला बसले.

वाचनालयाच्या मोठ्या दालनाचे पडदे आज लावायला गेलो. पहिलाच पडदा चढवला तर खाली चार बोटं भिंत उघडी. दुसराही तसाच. ग्रंथपालबाईंनी फक्त चष्मा वर करून पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माप यांचं होतं. मी कापड यांच्या आकड्याबरहुकूम कापलं होतं.

आणि यावर हे काय म्हणाले? "दांडी वाकडी बसलीय." दांडी सरळ होती. मी लेव्हल ठेवून दाखवली, पाण्यातला बुडबुडा बरोबर मध्ये. तरी हे मान तिरकी करून बघत म्हणतात, "मध्ये वाकलीय बघ, साप गेल्यासारखी."

"अहो, बुडबुडा बघा."

बुडबुड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या कानापलीकडे कुठेतरी पाहिलं, आणि म्हणाले, "असेल सरळ."

असेल! ज्या माणसाने आजवर एक सूतभर चूक मान्य केली नाही, तो "असेल" म्हणतो. यांचं लक्षच नाही कामात. मन दुसरीकडे आहे. हल्ली माझ्याशी बोलताना नजरेला नजरसुद्धा देत नाहीत.

पडद्यांना खाली पट्टी जोडून द्यावी लागणार. शोभेची आहे असं सांगेन.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्वतः डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. माझ्याकडे लायसन्स आहे, लेक शाळेत असताना काढलेलं. त्यानंतर मी दोनदा गाडी चालवली, आणि दोन्ही वेळा हे "क्लच जाळशील, क्लच जाळशील" असं इतकं ओरडले की तिसऱ्यांदा मी हात लावला नाही.

आज बाजाराच्या रस्त्यावर माझी गाडी तीनदा बंद पडली. मागे हॉर्नचा गोंधळ. मी यांच्या ओरडण्याची वाट बघत होते. हे शांत. "सावकाश. त्यांना थांबू दे," एवढंच.

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. इतकं गोड वागणं मला झेपत नाही. नवरा ओरडायचा बंद झाला की बायकोने काय समजायचं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आता जे लिहिते आहे ते लेकीला सांगता येणार नाही.

सकाळी मी आंघोळ करून आले तर हे खिडकीशी उभे. एक डोळा मिटला, उघडला. मग दुसरा मिटला, उघडला. पुन्हा पहिला. समोरच्या इमारतीत बरोबर त्याच खिडकीत मास्तरीणबाई झाडांना पाणी घालत होत्या. एकट्या राहतात, कपडे नीटनेटके, केस अजून काळे, आणि ते रंगवलेले नाहीत असं त्यांचं म्हणणं.

मी दारातच थिजले. माझी चाहूल लागताच हे वळले आणि खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत म्हणाले, "गज रंगवायला झालेत."

गज! या वयात! चहात साखर घालायची विसरले, मुद्दाम.

दिवसभर जिवाला चैन नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जाऊ कळत नाही. मंगळवार, बस, गॉगल, नजर चुकवणं, आणि आता हे डोळे मारणं. सगळं एका रांगेत बसतंय. आणि मला गाडी शिकवण्याची घाई का, तेही समजलं. मला माझ्या पायावर उभं करून देणार आणि स्वतः मोकळे होणार. उपकारच म्हणायचे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पुन्हा खिडकीत. मी आजच त्या खिडकीला जाड पडदा लावला आहे. शिवायला दहा मिनिटं लागली.

१६ फेब्रुवारी, रविवार

यांनी पडदा बाजूला सारला.

दुपारी इमारतीच्या मागच्या अंगणात स्टेपनीची तालीम. मी आधी जॅक लावून गाडी उचलली आणि मग नट सोडवायला गेले तर चाकच गरगर फिरायला लागलं. "नट आधी सैल करायचे, चाक जमिनीवर असताना. मग जॅक." परत खाली घेतली. पाना हलेना. "हाताने नको, त्यावर उभी राहा." मी अक्षरशः पान्यावर उभी राहिले, तेव्हा कुठे कुरकुरला. तिसऱ्या मजल्यावरची मुलं टाळ्या वाजवायला लागली.

मग यांनी स्वतः करून दाखवलं. डोळे मिटून! बोटांनी नट चाचपले, समोरासमोरचे घेत आळीपाळीने आवळले. "बघ, डोळे मिटूनसुद्धा येतं," म्हणाले आणि खूश झाले. या पोरकटपणाला काय म्हणावं.

नियम घोकून घेतले. बारीक स्टेपनी पुढे लावायची नाही. पुढचं चाक गेलं तर मागचं चांगलं चाक काढून पुढे लावायचं आणि ही मागे. ऐंशीच्या वर जायचं नाही. पंक्चर काढायच्या दुकानापर्यंतच जायचं, पुढे मिरवायचं नाही. आणि पडून राहिली तरी हवा कमी होते, म्हणून महिन्यातून एकदा तपासायची.

"हवा मी तपासली," असं म्हणत मला गेज दिलं. "तरी तू बघ." गेज लावलं, तेहतीस. "तेहतीसच आहे," मी म्हटलं. "हं," म्हणाले, आणि सुटकेचा श्वास टाकल्यासारखं वाटलं. मोठं काहीतरी सिद्ध झालं जणू.

२० फेब्रुवारी, गुरुवार

राहवेना. मास्तरीणबाईंकडे गेले. निमित्त म्हणून खिडक्यांची मापं घ्यायचा बहाणा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "आमचे हे खिडकीत उभे असतात, तुम्हाला काही त्रास नाही ना?"

"त्रास कसला?" त्या म्हणाल्या. "पण एक सांगू, रागावू नका. तुमच्या यजमानांना गर्व झालाय का हो? परवा बसस्टॉपवर मी अगदी समोर उभी. मी हसले, तर त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. मी नमस्कार केला तर म्हणतात, कोण? वीस वर्षांची ओळख, आणि कोण!"

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या बैठकीच्या खोलीचे पडदे कमी दरात शिवून द्यायचं कबूल करून बसले. जिना उतरेपर्यंत ते हलकेपण गेलं. बाई नाही, तर मग काय? लोकांना ओळख दाखवत नाहीत, मला नजर देत नाहीत, कामात मन नाही. माणूस घरातून आधी मनाने जातो आणि मग पायाने, असं तर होत नाहीये ना?

घरी येऊन सरळ विचारलं, "तुमच्या मनात काय आहे?"

यांच्या काहीतरी ओठांवर आलं होतं, शपथेवर सांगते. मग म्हणाले, "परवा उजवीकडे वळताना तू आरसा बघितला नाहीस. अजून सवय व्हायला हवी."

मी हातातली टेप फेकली. यांच्या शेजारून गेली. यांनी ती पडल्यावर पाहिली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा फोन. जावई महिनाभर कामासाठी बाहेरगावी निघालाय, ती बाळाला घेऊन इकडे येणार. शनिवारी आम्ही गाडीने आणायला जायचं. बाळ! एवढी एकच गोष्ट या घरात आनंदाची आहे.

रात्री नको, उजेडात निघू, असं ठरत होतं. हे म्हणाले, "गाडी तू चालव."

"डोंगराच्या रस्त्याने? आणि येताना मागे बाळ असताना? मी नाही बाई. बाळ गाडीत असताना माझ्या हातात स्टिअरिंग देऊ नका. तुम्ही चालवा, तुमचा हात पक्का आहे."

"तुझाही आता पक्का झालाय."

"अहो, एक दिवस चालवा की! की तेवढंही नको झालंय आमच्यासाठी करायला?"

हे बोलायला लागले आणि थांबले. टेबलावरच्या पेल्याकडे हात नेला, पेला लवंडला. पाणी पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. मी चालवतो."

एवढं ओढूनताणून! नातवापेक्षा काय मोठं असतं माणसाला?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

यांनी आज तीनदा गाडी पुसली. जेवले नाहीत. मी विचारलंही नाही. राग धरायला मलाही येतो.

२ मार्च, रविवार

हात अजून काळे आहेत, नखांतली घाण निघत नाही. काल घडलं ते काल लिहिणं शक्यच नव्हतं.

सकाळी निघालो. गाडी हे चालवत होते. इतकी हळू की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून दमले. मी शेवटी म्हटलं, "अशाने उद्या पोचू." यांच्या गळ्याशी घाम होता. हे रस्त्याकडे सरळ बघत नव्हते, मान किंचित वळवून बघत होते, आणि मला वाटलं, मला टाळायलाच.

डोंगर सुरू व्हायच्या आधी रस्त्यात एक खड्डा होता. लपलेला बिपलेला नाही. भर रस्त्यात, भर उजेडात, परातीएवढा. मला लांबून दिसला. यांना दिसला असणारच म्हणून मी बोलले नाही. हे सरळ त्यात गेले.

पुढचं डावं चाक बसलं.

गाडी कडेला घेतली आणि हे स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. "तू कर," म्हणाले. "तुला येतं."

रागाच्या भरात सगळं सुचत गेलं. मागचे नट सैल केले, पान्यावर उभी राहून. जॅक लावला. मागचं चांगलं चाक काढलं, तिथे ही बारीक बसवली, समोरासमोरचे नट आवळले. जॅक खाली घेतला. आणि स्टेपनी गाडीच्या वजनाखाली फतकल मारून बसली.

"अहो, हिच्यात हवा नाही!"

"आहे. तेहतीस आहे. तू बघितलीस ना परवा."

गेज लावलं. एकतीस. म्हणजे हवा होती. मग ही अशी का बसली? मी खाली वाकले आणि चाकावरचं पिवळं लेबल वाचलं. पहिल्यांदाच. आजवर यांनी वाचलं म्हणून मी वाचलं नव्हतं. मोठे आकडे, लांबून दिसावेत असे. साठ.

"इथे साठ लिहिलंय."

यांनी खिडकीतून नुसती मान बाहेर काढली.

"तुम्ही तर म्हणालात, लेबलवर तेहतीस आहे. या, इकडे या. वाचा."

आले. गुडघ्यावर बसले. लेबलाजवळ तोंड नेलं, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. बोट आकड्यांवरून फिरवलं. आणि हा माणूस, ज्याने केसाएवढ्या रेघा काढून पगार घेतला, हलक्या आवाजात म्हणाला, "मला मधलं दिसत नाही गं."

"मधलं म्हणजे?"

"जिथे बघतो तिथलंच नेमकं दिसत नाही. कडेचं दिसतं. सरळ रेघ वाकडी होते. आधी उजवा गेला, आता डावा. महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेतो, मंगळवारी. गेलंय ते परत येणार नाही म्हणतात, उरलंय ते टिकलं तर टिकलं." मग थोड्या वेळाने, "तुझ्याकडे सरळ बघितलं की तुझे कान दिसतात. चेहरा नाही."

मी रस्त्याच्या कडेला बसले. खिडकी, गज, दांडी, बुडबुडा, चार बोटं, सगळं माझ्यासमोर होतं आणि मी मास्तरीणबाईंचे केस मोजत बसले होते.

आणि मग मला जो राग आला! इतका राग मला जन्मात आला नसेल. "बाळाला मागे बसवून तुम्ही ही गाडी चालवणार होता? डोंगरात?"

"तू नाही म्हणालीस."

"मग तोंड नव्हतं सांगायला? मी काय तुम्हाला घराबाहेर काढणार होते?"

"तू शिकलीस की सांगणार होतो. आधी सांगितलं असतं तर तू धसक्याने शिकलीच नसतीस. गाडी विकली असतीस, मग पडद्यांचं काम गेलं असतं. माझ्या डोळ्यांपायी तुझं काम कशाला जायला हवं?" मग म्हणाले, "आणि लाज वाटली. मापं चुकायला लागली ना."

मी रडले. ट्रकवाल्यांनी पाहिलं असेल, पाहू दे. हे शेजारी बसले होते, हात कुठे ठेवावा ते न सुचून माझ्या मनगटावर ठेवला. त्यालाही ग्रीस लागलं.

मग पायपंप काढला. बारीक स्टेपनीत साठ भरायची म्हणजे छाती फुटते. यांनी पाय मारले, मी आकडा वाचला. "चाळीस." "हं." "पंचेचाळीस. थांबा, दम घ्या." "वाच तू." "बावन्न." शर्ट भिजला यांचा. साठला मी ओरडले, तर आणखी एक पाय मारलाच, सवयीने. स्टेपनी ताठ उभी राहिली. चांगलं चाक पुढे बसवलं, पंक्चर झालेलं डिकीत टाकलं.

मी उजवीकडचं दार उघडून बसले. हे न सांगता डावीकडे गेले.

डोंगर मी चढले. ऐंशी सोडा, चाळीसच्या वर गेले नाही. पण क्लच जळला नाही. "पुढे खड्डा असला तर मी चुकवेन," मी म्हटलं. हे म्हणाले, "मला सांगू नकोस, चुकव."

पलीकडच्या गावात शिरताना पंक्चरवाल्याने टायर दुरुस्त केला आणि स्टेपनीवर टिचकी मारून विचारलं, "हिच्यात हवा कुणी भरली? बरोबर आहे. बहुतेकजण कमीच ठेवतात." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे माझ्या कानाकडे.

लेक दारात उभी होती. मला गाडीतून उतरताना पाहून म्हणाली, "आई, तू? बाबा कुठेत?" तिला घरी आल्यावर सांगितलं. आधी बाबांवर ओरडली, मग माझ्यावर, आणि मग बाळाला यांच्या मांडीवर ठेवून आत जाऊन रडली. बाळ मागच्या सीटवर सगळा डोंगरभर झोपलं होतं.

३ मार्च, सोमवार

काल रात्री यांनी विचारलं, "सारखं काय लिहितेस?" म्हटलं, "तुमच्या तक्रारी." "वाच की." मी वाचून दाखवलं. तेरा तारीख गाळणार होते, पण आता लपवालपवी नको म्हणून तीही वाचली. हे हसले, इतके हसले की लेक बाहेर आली.

"अगं, मी गज बघत होतो. रोज बघायचं असतं, एकेक डोळा मिटून, किती वाकडे दिसतात ते. समोर मास्तरीणबाई असतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

"तेच तर त्यांचं दुखणं आहे," मी म्हटलं.

आज सकाळी मी जाड पडदा काढून टाकला आणि यांच्या शेजारी उभी राहिले. "आज कसे आहेत गज?" "काल होते तसेच. वाकडे." मग यांनी माझ्याकडे तोंड केलं आणि नजर हळूच सरकवली, माझ्या कानापलीकडे, भिंतीकडे. एवढे दिवस यावरून मी जीव जाळला. आता कळलं, ते तिकडे बघतात तेव्हाच त्यांना मी दिसते.

खिडक्या यापुढे मी मोजणार. दांड्या हे लावणार, लेव्हल मी वाचणार.

उद्या मंगळवार. बसने कुणी जाणार नाही. चारही चाकांत तेहतीस आहे, स्टेपनीत साठ. लेबल मी स्वतः वाचलं, मोठ्याने, आणि हे डिकीशी उभे राहून ऐकत होते.